माणूस नसलेल्या नौकेचे दिवे

नाशिकला अंबडच्या औद्योगिक वसाहतीत माझी फायबरची शेड आहे. द्राक्षबागेत फवारणीसाठी ट्रॅक्टरमागे जो ब्लोअर जोडतात, त्याच्या टाक्या आम्ही बनवतो. वीस वर्षं झाली. दिंडोरीच्या बाजूला फिरलात तर दर दोन-तीन बागांआड माझी एखादी पिवळी टाकी दिसेल. समुद्राशी माझा संबंध म्हणाल तर शाळेच्या सहलीत एकदा अलिबागला पाय ओले केले होते, तेवढाच. त्यामुळे पुण्याचा एक तरुण इंजिनिअर शेडमध्ये येऊन, नौका बनवाल का, असं विचारू लागला तेव्हा मला वाटलं, हा चुकून आमच्याकडे आला.

तो चुकून आला नव्हता. निफाडला त्याच्या मामाच्या बागेत त्याने माझी टाकी पाहिली होती. ती बारा वर्षं उन्हात आणि औषधात राहूनही तडकली नव्हती, म्हणून पत्ता काढून आला. त्याची पाच-सहा जणांची छोटी कंपनी होती. कोकण किनाऱ्यापासून थोडं आत समुद्राचं पाणी किती तापतं, किती गढूळ होतं, हे त्यांना रात्रंदिवस मोजायचं होतं. त्यासाठी एक छोटी नौका हवी होती आणि तिच्यावर माणूस असणार नव्हता. साडेचार मीटर लांब, सव्वा मीटर रुंद, पोटात बॅटऱ्या, पाठीवर सोलर पॅनेल, मागे विजेची लहानशी मोटर. ती चालत्या माणसाच्या वेगाने जाणार आणि दिशा किनाऱ्यावरच्या संगणकावरून घेणार. वाऱ्याने भरकटू नये म्हणून तिची पाठ पाण्यावर जेमतेम वीतभर राहील अशी आखली होती. आमच्या मिस्त्रींनी नकाशा पाहिला आणि पहिल्याच दिवशी तिला ‘कासव’ म्हणायला सुरुवात केली. पुढे सगळेच तसं म्हणू लागलो.

नकाशात पॅनेलच्या पुढे एक छोटं वर्तुळ काढून शेजारी ‘लाइट’ असं लिहिलं होतं. हा दिवा कुठला, किती मोठा, असं मी विचारलं. तो म्हणाला, काहीतरी एलईडी लावू, बागेत पायवाटेला लावतात तसा. मी वहीत टिपून घेतलं आणि साच्याच्या कामाला लागले.

साचा निम्मा झाला होता तेव्हा कॅप्टनसाहेब शेडमध्ये आले. पाथर्डी फाट्याला मुलीकडे राहणारे पंचाहत्तरीचे गृहस्थ. मूळचे कोकणातले, उभं आयुष्य मालवाहू जहाजांवर काढलेलं, शेवटची बरीच वर्षं कप्तान म्हणून. हे मला तेव्हा काहीच माहीत नव्हतं. ते गच्चीवरच्या टाकीचं दुरुस्त केलेलं झाकण न्यायला आले होते. झाकण बाजूलाच राहिलं. साच्याभोवती त्यांनी दोन फेऱ्या मारल्या, कडेवरून हात फिरवला आणि विचारलं, हे कुठे जाणार? समुद्रात, मी म्हटलं. रात्री पण? हो. मग दिवे कुठले? मी नकाशातलं वर्तुळ दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून ते पाहिलं आणि बसायला खुर्ची मागितली.

त्या दुपारी त्यांनी मला पहिला धडा दिला. रंगाचे दोन डबे समोर ओढले, एक लाल, एक हिरवा. नौकेच्या डाव्या अंगाला लाल दिवा, उजव्या अंगाला हिरवा, मागे पांढरा आणि डोलकाठीवर पांढरा. प्रत्येक दिवा ठरावीक कोनातूनच दिसायचा. त्यामुळे अंधारात नौका दिसली नाही तरी नुसत्या दिव्यांवरून समोरच्याला कळतं, की ती आपल्याकडे येतेय, आडवी चाललीय की पाठ करून दूर जातेय. आणि मग कोणी वाट द्यायची हेही ठरतं. जगभर सगळीकडे हेच नियम. मोठ्या जहाजांना ते सरळ लागू पडतात, कारण नियम लिहिताना तीच डोळ्यांसमोर होती. अडचण होते वेगळ्या घडणीच्या नौकांची. मग त्यांनी एकेक सांगायला सुरुवात केली. हवेच्या उशीवर पाण्याला न टेकता धावणारी नौका असते, ती वाऱ्यात तिरकी सरकते, तिचे नेहमीचे दिवे वेगळीच दिशा दाखवू शकतात; म्हणून तिने त्यांच्या जोडीला पिवळा, भरभर लुकलुकणारा दिवा लावायचा. पाण्यावर उतरलेल्या विमानाला बोटीसारखे दिवे लावता येत नसतील तर नियमाच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जायचं. पाण्यात जवळजवळ बुडालेली एखादी वस्तू दोराने ओढत नेत असतील तर तिच्या पुढच्या आणि मागच्या टोकाला पांढरे दिवे. वल्हवायच्या होडीत काहीच बसवणं शक्य नसेल तर निदान हातात विजेरी तयार ठेवायची आणि टक्कर टळेल इतक्या वेळेवर दाखवायची.

“होडीतल्या माणसालासुद्धा सोडलेलं नाही, बाई,” ते म्हणाले. “मग तुमच्या कासवाला कोण सोडणार?”

त्यांनी पुढच्या वेळी येताना नियमांचं जुनं पुस्तक आणलं. इंग्रजी कायद्याचं, एकेक वाक्य चार ओळींचं. मी डिप्लोमा करून तीस वर्षं झाली होती. रोज सकाळी कामगार यायच्या आधी अर्धा तास शेडमध्ये बसून मी ते वाचू लागले. न कळलेल्या जागी पेन्सिलीने खूण करायची आणि शनिवारी साहेब आले की विचारायचं, असा क्रम ठेवला.

सात मीटरपेक्षा लहान आणि सात नॉटपेक्षा, म्हणजे ताशी साधारण तेरा किलोमीटरपेक्षा, हळू चालणाऱ्या यांत्रिक नौकेसाठी सवलत होती: चारही बाजूंनी दिसणारा एक पांढरा दिवा पुरे, आणि शक्य असल्यास लाल-हिरवे बाजूचे दिवेही. कासव या चौकटीत बसत होतं. पण बाजूचे दिवे लावले तर पांढरा दिवा त्यांच्यापेक्षा किमान एक मीटर उंच हवा, असं मागच्या परिशिष्टात सापडलं. पांढरा दिवा दोन सागरी मैलांवरून दिसला पाहिजे, हेही. आमच्या नकाशातलं वर्तुळ पाण्यापासून वीतभर उंच होतं आणि त्याच्या मागे सबंध पॅनेलची आडवी भिंत.

मला वाटलं, मी एक चांगली युक्ती काढली आहे. जी नौका ताब्यात नाही तिने एकावर एक असे दोन लाल दिवे लावायचे, असा एक नियम आहे. आमच्यावर तर माणूसच नाही. मग दोन लाल लावून टाकू, सगळे आपसूक बाजूने जातील. शनिवारी मी हे साहेबांना मोठ्या उत्साहाने सांगितलं. त्यांनी मान हलवली. ते दिवे अचानक संकटात सापडलेल्या जहाजासाठी आहेत, ते म्हणाले. सुकाणू तुटलं, इंजिन बंद पडलं, अशा वेळेला. तुम्ही मुद्दाम माणूस न ठेवता नौका सोडताय. हा तुमचा बेत आहे, संकट नव्हे. तसंच, जागेवर नांगरून ठेवलेले मोजणीचे तरंगते बोये असतात, त्यांच्यासारखा पिवळा लुकलुकता दिवाही नको, कारण तुमचं कासव चालतं. पिवळा पाहून माणूस समजेल की हे इथेच आहे, आणि ते तोवर पुढे आलेलं असेल.

दिव्याने खोटं सांगायचं नाही, हे मला त्या दिवशी समजलं. तोवर मी ‘दिसलं पाहिजे’ एवढाच विचार करत होते.

कासव साच्यातून निघालं तेव्हा ते पहिल्यांदा पाण्यात टाकायला दिंडोरीला नेलं. आमच्या एका जुन्या गिऱ्हाइकाचं शेततळं होतं, काळा कागद अंथरलेलं, चांगलं मोठं. तळ्याचे मालक, ते बागाईतदार, बांधावर उभे राहून बघत होते. ते म्हणाले, “ताई, हे लय खाली बसलंय. बुडतं का काय?” बुडत नव्हतं, बरोबर आखल्याप्रमाणे तरंगत होतं. दिवस मावळला तसा आम्ही इंजिनिअरने पाठवलेला दिवा लावला. तळ्याच्या चारही कडांना एकेक माणूस उभा केला आणि मी प्रत्येकाला फोनवर विचारत गेले. पुढच्या कडेवरून दिवा लख्ख दिसत होता. मागच्या कडेवरच्या मिस्त्रींना पाण्यावर नुसता उजेड दिसत होता, दिवा नाही. आणि हे पाणी ताटातल्या पाण्यासारखं शांत होतं. बागाईतदारांनी मोटर सुरू करून पाइपने तळ्यात पाणी सोडलं, थोड्या लाटा उठल्या, तर समोरून दिसणारा दिवाही मधूनमधून गायब होऊ लागला.

मी त्याच आठवड्यात इंजिनिअरला सांगितलं की कासवाला काठी लागेल. पाठीवर दीड-पावणेदोन मीटरची उभी काठी, टोकाला पांढरा दिवा, त्याच्याखाली मीटरभर अंतरावर लाल-हिरवे.

तो शेडमध्ये आला आणि समजावू लागला. त्याचंही खोटं नव्हतं. काठी लावली की वारा धरणार, कासव हेलकावणार, मोजमापात चूक येणार. मुळात ते पाण्याबरोबर बसावं म्हणून तर त्याने वर्षभर गणितं केली होती. नियमात ‘शक्य असल्यास’ असं लिहिलंय, तो म्हणाला, म्हणजे सक्ती नाही. मी ते वाक्य साहेबांना फोनवर वाचून दाखवलं. त्यांनी फोन स्पीकरवर ठेवायला सांगितला.

“‘शक्य असल्यास’ म्हणजे ‘मन असल्यास’ नव्हे,” ते म्हणाले. “शक्य नाही, हे आधी प्रयत्न करून दाखवावं लागतं.”

इंजिनिअरला ते पटलं नव्हतं. जाताना दाराशी तो मला म्हणाला, “ताई, तुमचं काम साचा आणि फायबर. दिव्यांची जबाबदारी आमची आहे. तुम्ही कशाला एवढं लावून घेताय?”

मी त्याला तेव्हा उत्तर दिलं नाही. साहेबांना दिलं, कारण त्यांनीही पुढच्या शनिवारी हेच विचारलं, वेगळ्या स्वरात. मी तेवीस वर्षांची असताना धाकट्या बहिणीला मागे बसवून दिंडोरी रोडने स्कूटरवर येत होते. संध्याकाळ होती, पूर्ण अंधारही पडला नव्हता. रस्त्याच्या कडेला ट्रॅक्टरची ट्रॉली उभी होती, मागे दिवा नाही, लाल पट्टी नाही, काही नाही. मला ती दिसली तेव्हा मध्ये दोन हात अंतर होतं. माझं मनगट मोडलं. बहिणीच्या मांडीत सळई घालावी लागली आणि तो पाय दुसऱ्या पायापेक्षा आखूड राहिला. ती आज नांदगावला शाळेत शिकवते, हसतखेळत असते, पण जिना चढताना कठड्याला धरते आणि मी मागे असले तर मला पुढे व्हायला सांगते. तो ट्रॉलीवाला दवाखान्यात आला होता. वाईट माणूस नव्हता. तो रडत पुन्हा पुन्हा एकच सांगत होता, एवढी मोठी ट्रॉली कोणालाही दिसेल असं वाटलं.

साहेबांनी ऐकून घेतलं, पुस्तक उघडलं आणि दिव्यांच्या उंचीचं पान काढून माझ्यापुढे सरकवलं.

इंजिनिअरला मी पत्र लिहिलं. काठीशिवाय कासव माझ्या शेडमधून कायमचं जाणार नाही, असं स्पष्ट लिहिलं. त्याला ते दुसरीकडे बनवून घ्यायचं असेल तर साचा मी देईन, पण माझ्या हाताने बनलेलं असं जाणार नाही. आणि एक मागणी केली: आहे त्या दिव्यासह एक चाचणी समुद्रात घेऊ, पण तुम्ही संगणकापाशी बसायचं नाही. तुम्ही आणि मी मच्छीमारांच्या होडीत बसायचं आणि तिथून कासव शोधायचं. दिसलं तर मी काठीचा हट्ट सोडीन.

तो कबूल झाला. त्याला खात्री होती.

कासव टेम्पोत बांधून आम्ही कोकणात एका लहान बंदरावर गेलो. त्याने एक होडी ठरवली होती. तिचे तांडेल, म्हणजे होडी चालवणारे, साठीच्या आसपासचे, कमी बोलणारे. त्यांनी कासवाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि बसा म्हणाले. इंजिनिअरचा सहकारी धक्क्यावर संगणक घेऊन राहिला. सूर्य बुडाल्यावर कासव सोडलं आणि आम्ही होडीतून त्याच्यापासून दूर निघालो.

लाटा फार नव्हत्या. तांडेल म्हणाले, आज दर्या बरा आहे. पहिली शंभर पावलं दिवा दिसत होता. मग लाटेमागे जाऊ लागला, वर येऊ लागला. नंतर वर यायचा थांबला. इंजिनिअर होडीच्या टोकाला उभा राहून बघत होता. आजूबाजूला दिवे कमी नव्हते. परतणाऱ्या होड्यांचे, धक्क्यावरचे, मागच्या डोंगरावरच्या घरांचे, आणि त्या सगळ्यांची पाण्यात पडलेली प्रतिबिंबं. तो दोनदा म्हणाला, ते बघा, ते आपलंच. दोन्ही वेळा तांडेलांनी मान हलवली. एक दिवा बंदराच्या खांबावरचा होता आणि दुसरा कोणाच्या तरी जाळ्याच्या खुणेचा.

सहकाऱ्याने फोनवरून कासवाची जागा सांगितली. आम्ही तिकडे वळलो. तांडेलांनी इंजिन अगदी मंद केलं. फोनवरचा आवाज सांगत होता, तुमच्या डावीकडे, जवळच आहे. आम्ही तिघेही डावीकडे बघत होतो. तेवढ्यात होडीच्या नाकाखाली धडक बसली, काच तडकल्याचा आवाज झाला आणि मी फळीवरून खाली आपटले.

कोणाला लागलं नाही. तांडेलांनी इंजिन बंद केलं, वाकून पाहिलं आणि बांबूने कासव बाजूला ओढलं. पॅनेलचा कोपरा फुटला होता. दिवा शाबूत होता, पेटलेलाच होता, आमच्यापासून हातभर अंतरावर.

तांडेल चिडले नाहीत. त्यांनी इंजिनिअरला शांतपणे विचारलं, “दिवा लावलाय म्हणता, मग मला का नाय दिसला?” मग ते म्हणाले, “आपण हळू होतो. माझा भाऊ मासळी घेऊन येतो तो असा हळू येत नाय.”

मला जिंकल्यासारखं वाटलं नाही. मनात आलं, की ही चाचणी माझ्या हट्टामुळे झाली होती. आमच्याऐवजी तांडेलांचा भाऊ तिथून आला असता तर माझ्याच हाताने बनवलेली वस्तू त्याच्या होडीखाली गेली असती. सोबतीला दुसरी होडी दिवे लावून उभी ठेवायला हवी होती. ती मी मागितली नव्हती, आणि ते चुकलंच. पुढच्या प्रत्येक चाचणीत आम्ही ती ठेवली.

परतीच्या वाटेवर टेम्पोत इंजिनिअर माझ्या शेजारी बसला होता. घाट चढल्यावर त्याने विचारलं, “ताई, काठी किती उंच म्हणालात?”

त्यानंतरचं काम सोपं होतं असं नाही. पहिली काठी मी लोखंडी नळीची केली, मजबूत व्हावी म्हणून. दिंडोरीच्या शेततळ्यात कासव पाण्यात सोडताच आडवं झालं आणि पोट दाखवून पडून राहिलं. बागाईतदारांनी आणि मिस्त्रींनी दोर लावून ते सरळ केलं. दुसरी काठी फायबरची पोकळ केली, तर ती वाऱ्यात वेताच्या छडीसारखी हलू लागली आणि तिच्याबरोबर दिवाही. तिसऱ्या वेळी बुंध्याशी जाड आणि टोकाला निमुळती केली आणि कासवाच्या पोटाखाली शिशाचं वजन भरलेलं एक पातळ पातं जोडलं. यात इंजिनिअरने जीव ओतला. किती वजन, किती खोल, हे सगळं गणित त्याचं. दर शनिवारी तो पुण्याहून येऊ लागला. साहेब खुर्चीत बसायचे, तो त्यांच्या पायाशी उलट्या टाकीवर वही घेऊन बसायचा, आणि मोजमापात येणारी चूक कशी वजा करायची हेही त्याने तिथेच बसून शोधून काढलं. काठीमुळे कासवाचा वेग थोडा कमी झाला. त्याने ते मान्य केलं.

लाल-हिरव्या दिव्यांनी वेगळाच त्रास दिला. त्यांचा उजेड पॅनेलच्या काचेवर पडून समोरून दोन्ही रंग एकत्र दिसायचे. साहेबांनी सांगितलं, जुन्या जहाजांवर दिव्यांना आतून काळे पडदे असत, चमक नसलेला रंग मारलेले. आम्ही फायबरचे छोटे पडदे बनवले, त्यांना काळा रंग दिला, आणि शेडच्या मागच्या मोकळ्या जागेत कासव ठेवून मी त्याच्याभोवती खडूने कोन आखले. कुठल्या रेघेवर लाल दिसायचा थांबतो, कुठे हिरवा सुरू होतो, हे जमिनीवर बसून, म्हणजे होडीतल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून, मी तीन संध्याकाळी तपासलं. शेजारच्या कारखान्यातले लोक येऊन विचारून गेले की मॅडम काय हरवलंय.

मग परवानगी. नौकांना परवाने देणाऱ्या कार्यालयातल्या अधिकाऱ्यांनी पहिल्यांदा कागद परत केले. अर्जात नौकेच्या कप्तानाचं नाव लिहायचा रकाना होता आणि तो रिकामा होता. अशा नौकेसाठी आमच्याकडे पद्धत नाही, ते म्हणाले, आणि त्यांचंही खरं होतं. इंजिनिअरला वाटलं, दिव्यांच्या नियमातून सूट मागावी म्हणजे लवकर सुटेल. साहेबांनी साफ नको म्हटलं. त्यांनी मला पत्र सांगितलं ते असं: आमच्या नौकेची घडण वेगळी आहे, तरी प्रत्येक दिव्याबाबत आम्ही नियमाच्या किती जवळ आलो आहोत ते पुढे दिलं आहे, आणि जिथे कमी पडलो ते कशामुळे तेही. मी एकेका दिव्याची उंची, कोन, अंतर लिहिलं, खडूच्या रेघांचे फोटो जोडले आणि होडीवर आदळलेल्या पॅनेलचा फोटोही लावला. इंजिनिअर म्हणाला, हा कशाला, आपलंच वाईट दिसेल. मी म्हटलं, हा पाहिल्याशिवाय काठी का हवी ते त्यांना समजणार नाही. कप्तानाच्या रकान्यात आम्ही किनाऱ्यावर त्या वेळी संगणकापाशी जो बसेल त्याचं नाव लिहायचं ठरवलं.

त्यांनी तीनदा प्रश्न पाठवले. तीनदा आम्ही उत्तरं दिली. कित्येक महिन्यांनी ठरावीक पट्ट्यात फिरण्याची परवानगी आली, दोन अटींसह. कासव सोडण्याआधी प्रत्येक वेळी आसपासच्या मच्छीमार सोसायट्यांना कळवायचं. आणि एकही दिवा बंद पडला तर ते किनाऱ्यावर लगेच समजलं पाहिजे. दुसरी अट इंजिनिअरने आठ दिवसांत पुरी केली. दिव्याची वीज तुटली की कासव संदेश पाठवतं आणि स्वतःहून बंदराकडे वळतं.

मागच्या हिवाळ्यात आम्ही त्याच बंदरावर पुन्हा गेलो, त्याच तांडेलांच्या होडीत बसलो. या वेळी कासव कुठे आहे ते त्यांना सांगितलं नव्हतं, आणि सोबतीची दुसरी होडीही तिच्यावरून जागा कळू नये इतकी लांब उभी होती. दिवस मावळून थोडा वेळ झाला होता. आम्ही बरेच दूर गेलो आणि वळलो. इंजिनिअर माझ्याकडे बघत होता, मी मुद्दाम पायांकडे बघत होते, माझी नजर त्यांना दिशा देऊ नये म्हणून.

तांडेलांनी सुकाणू हलकेच फिरवलं. विचारल्यावर म्हणाले, “तिकडे पांढऱ्याखाली हिरवा दिसतोय. म्हणजे उजवीकडे चाललंय ते. आपण मागून जाऊ.”

आम्ही मागून गेलो. मला दिवा सापडायला त्यांच्यानंतर आणखी बराच वेळ लागला. लाटेवर काठी डुलत होती, खालचं कासव दिसतच नव्हतं, आणि पांढरा दिवा एकदाही विझल्यासारखा झाला नाही. इंजिनिअरने वहीत वेळ आणि अंतर लिहिलं. त्याचं अक्षर फार वाईट आलं होतं.

धक्क्यावर उतरल्यावर मी साहेबांना फोन लावला. दम्यामुळे त्यांना प्रवास झेपत नव्हता, ते नाशिकलाच जागे बसले होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, तांडेलांनी सुकाणू फिरवलं तेव्हा अंतर किती होतं. मी इंजिनिअरच्या वहीतलं अंतर वाचून दाखवलं. ठीक आहे, ते म्हणाले. मग विचारलं, “आणि बॅटरी उतरत आल्यावर दिवा किती लांबून दिसतो, ते पाहिलंत?”

पाहिलं नव्हतं. मी इंजिनिअरला ते सांगितलं. त्याने कपाळाला हात लावला, मग हसला आणि सहकाऱ्याला कासवाची बॅटरी उतरू द्यायला सांगितलं. मी मिस्त्रींना फोन करून कळवलं की सोमवारी शेड त्यांनीच उघडावी, मला इथे अजून दोन दिवस लागतील.